इंग्लंडच्या खेड्यात बनारसचा आड

‘चल, तुला हत्ती दाखवते,’ मैत्रीण म्हणाली.

‘कुठे, झूमध्ये?’

‘नाही गं, खेड्यात!’

ही माझी मैत्रीण रीडिंगला असते. ज्यांना कंपनीने कधी ऑनसाइट पाठवलंय त्यांना रीडिंग नक्की माहीत असणार. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून फास्ट ट्रेनने जेमतेम अर्धा तास. आयटीवाल्यांची वस्ती. शनिवारी देसी दुकानात कढीपत्ता शोधत फिरलात की कुणीतरी मागून ‘एक्सक्यूज मी, तुम्ही पुण्याचे का?’ असं विचारणारच. तर अशा या रीडिंगमध्ये मी एक वीकएण्ड मोकळी होते. लंडन आय झालं होतं, मॅडम तुसाँ झालं होतं. खिशातले पौंड संपत आले होते. त्यामुळे फुकटात हत्ती दाखवते म्हणाल्यावर मी ताबडतोब शूज घातले.

गाडी थेम्स ओलांडून उत्तरेला निघाली आणि दहा-पंधरा मिनिटांत शहर गायबच झालं. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंनी उंच बीचची झाडं, वरून त्यांच्या फांद्यांची कमान. हा चिल्टर्न टेकड्यांचा भाग. आकाशात घिरट्या घालणाऱ्या तांबूस घारी दिसल्या तर समजायचं, आपण योग्य रस्त्यावर आहोत. या घारी इंग्लंडमधून नाहीशाच झाल्या होत्या. १९९० च्या सुमारास स्पेनहून पिल्लं आणून इथे सोडली आणि आता त्या इथल्याच होऊन गेल्यात. म्हणजे बाहेरून येऊन इथे रुजण्याची या टेकड्यांना सवय आहे म्हणायची!

मग गाव आलं. स्टोक रो. ऑक्सफर्डशर परगण्यातलं इवलंसं खेडं. एक मुख्य रस्ता, त्याच्या कडेने विटांची घरं, गारगोटीच्या दगडांनी बांधलेलं १८४६ चं चर्च, एक प्राथमिक शाळा, पब. एकूण कसं, अगदी बिस्किटाच्या डब्यावरचं इंग्लंड. आणि याच रस्त्यालगत, हिरवळीवर, कुणीतरी कापून चिकटवल्यासारखा एक घुमट! लोखंडी खांबांवर पेललेला, वर सोनेरी कळस असलेला. बनारसच्या घाटावरून उचलून थेट इथे आणून ठेवलाय असं वाटावं असा. आत डोकावलं तर रहाटाचं भलंमोठं यंत्र, आणि त्या यंत्रावर ऐटीत उभा असलेला सोनेरी हत्ती.

‘बघ, म्हटलं नव्हतं?’

मी चार फोटो काढले. हत्तीबरोबर एक, घुमटाबरोबर एक. आता पब गाठायचा, असं म्हणत असतानाच विहिरीची माहिती वाचली आणि तिथेच थबकले. खोली : ३६८ फूट.

बॉस, ३६८ फूट! म्हणजे ११२ मीटर. आपल्याकडचा पस्तीसेक मजल्यांचा टॉवर उलटा करून जमिनीत घुसवला तर होईल तेवढी. लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल ३६५ फूट उंच आहे. ते अख्खं यात बुडेल आणि वर क्रॉसचं टोकही दिसणार नाही. आणि रुंदी? फक्त चार फूट. म्हणून हिला विहीर म्हणणंही जरा जास्तच आहे. आपल्याकडे जुन्या वाड्यांत असायचा ना, तसा हा आड. फक्त पाताळापर्यंत गेलेला. आणि हा आड माणसांनी हाताने खणलाय. चार फुटांच्या त्या भोकात पहार-फावडं घेऊन उतरायचं, खणायचं, माती बादलीत भरून वर पाठवायची. उद्या परत उतरायचं. वर आकाश दिसणार ते रुपयाएवढं. आपण लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की घामाघूम होतो!

एवढा खोल का खणला? कारण हे गाव टेकडीच्या माथ्यावर आहे आणि टेकडी आहे खडूच्या दगडाची. पाऊस पडतो भरपूर. पण खडूतून तो गाळणीतून चहा जावा तसा खाली निघून जातो. वरवर थोडी चिकणमाती आहे, तिच्या खड्ड्यांत जे पाणी साचेल ते आणि छपरावरून जे गळेल ते, एवढ्यावर गावाची भिस्त. उन्हाळ्यात पाऊस लांबला की डबकी आटायची आणि मग लांबून पाणी वाहून आणायचं. हिरव्यागार इंग्लंडमध्ये पाण्यासाठी वणवण! आपल्याला वाटतं हे फक्त मराठवाड्यात आणि आपल्या सोसायटीत टँकर न आलेल्या मंगळवारी होतं.

आता मुख्य प्रश्न. या गावात बनारसचा हत्ती कसा आला?

तर झालं असं. स्टोक रोपासून जवळच इप्सडेन नावाचं आणखी एक खेडं आहे. तिथल्या जमीनदार घरातला एक मुलगा, एडवर्ड अँडरडन रीड, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात गेला. (त्याचा भाऊ चार्ल्स रीड पुढे मोठा कादंबरीकार झाला.) एडवर्डची नोकरी गंगेच्या काठच्या मुलखात. १८३१ मध्ये आझमगढला असताना त्याने तिथल्या लोकांसाठी एक विहीर खणून घेतली. पुढे बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्याची चांगली मैत्री जमली. साहेब आणि महाराज गप्पा मारायचे तेव्हा साहेब आपल्या गावाकडच्या गोष्टी सांगायचा. परदेशात राहणारा माणूस दुसरं काय सांगणार? माझी रीडिंगची मैत्रीण नाही का, समोर पास्ता ठेवला तरी साताऱ्याच्या कंदी पेढ्यांवर बोलत असते!

तर या गप्पांत साहेबाने एक आठवण सांगितली. दुष्काळाचे दिवस. स्टोक रोमध्ये एक लहान मुलगा मार खात होता. मारत होती त्याची आईच. त्याचा गुन्हा काय, तर घरात शिल्लक असलेलं शेवटचं पाणी तो पिऊन टाकला होता.

बस, एवढीच गोष्ट. ना युद्ध, ना राजकारण. तहान लागलेलं एक पोर आणि हतबल झालेली एक आई. पण ती महाराजांच्या मनात घर करून बसली.

१८६० मध्ये रीड नोकरी संपवून इंग्लंडला परतला. त्यानंतर महाराजांनी त्याच्या मुलखात काहीतरी दानधर्म करायची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा साहेबाने स्टोक रोचं नाव सुचवलं. महाराजांना तो मुलगा आठवत होताच. १० मार्च १८६३ रोजी काम सुरू झालं. त्याच दिवशी तिकडे इंग्लंडच्या युवराजाचं लग्न होतं. २४ मे १८६४ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, आड गावाला खुला झाला. खर्च आला ३५३ पौंड, १३ शिलिंग आणि ७ पेन्स. हिशोब पेन्सपर्यंत चोख! महाराजांनी तो स्वतः कधी पाहिला नाही, पण अट एकच होती. पाणी सगळ्यांना, कायमचं, फुकट.

आता इथे मी भावुक होऊन कॉलम संपवू शकले असते. भारताने इंग्लंडला पाणी पाजलं, गर्वाने छाती फुगली, द एण्ड. मैत्रिणीनेही हेच म्हटलं, ‘बघ ना, आपण त्यांना चॅरिटी करत होतो!’

पण पबमध्ये बसल्यावर माझ्या डोक्यात भुंगा सुरू झाला. १८६३? म्हणजे १८५७ नंतर अवघी सहा वर्षं! १८५७ मध्ये हा रीड आग्र्याला मोठा अधिकारी होता. तिथल्या लेफ्टनंट गव्हर्नरचं ऐन धामधुमीत निधन झालं तेव्हा काही दिवस सगळा कारभार याच्याच हाती होता. आणि बनारसचे महाराज त्या वर्षी इंग्रजांच्या बाजूने उभे होते. बनारसला स्वतंत्र संस्थानाचा दर्जा मिळाला तो थेट १९११ मध्ये. म्हणजे आड खणला तेव्हा महाराज ‘महाराज’ असले तरी इंग्रजांच्या राज्यातले एक बडे जमीनदारच होते. ते ३५३ पौंड शेवटी गंगेकाठच्या कुठल्यातरी शेतकऱ्याच्या साऱ्यातूनच आले असणार ना?

आणि आणखी एक. बनारसच्या पश्चिमेला, आग्रा-दिल्लीकडच्या दोआबात १८६०-६१ मध्ये भयंकर दुष्काळ पडला होता. लाखो माणसं गेली. त्यानंतर दोनच वर्षांत इकडे इंग्लंडच्या टेकडीवर हिंदुस्थानी पैशाने पहार पडली.

तर मग हे काय होतं? मैत्री? माणुसकी? की साहेबाला खूष ठेवायची अर्जी, घुमटाच्या आकाराची?

त्या काळात अशी अर्जी देणारे महाराज एकटे नव्हते. वर्षभराने खुद्द इप्सडेनलाही रीडच्या आणखी एका मित्राने, राजा सर देवनारायण सिंह यांनी, आड दिला. आणि लंडनला गेलात तर रीजंट्स पार्कमध्ये ब्रॉड वॉकवर एक दगडी कारंजं आहे, ते जरूर बघा. १८६९ चं. ते दिलंय आपल्या मुंबईच्या सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी. फोर्टमध्ये युनिव्हर्सिटीचा जो झोकदार दीक्षान्त सभागृह आहे ना, तोही त्यांच्याच देणगीतून उभा राहिला. तर त्या कारंज्यावर चक्क लिहिलंय की इंग्रज राजवटीत मला आणि माझ्या पारशी बांधवांना जे संरक्षण मिळालं, त्याबद्दल इंग्लंडच्या जनतेचे आभार म्हणून ही भेट. थँक यू कार्डच. फक्त संगमरवर आणि ग्रॅनाइटमध्ये.

म्हणजे पाणी द्यायचं आणि त्याबरोबर निष्ठाही कळवायची, हा त्या काळचा फंडाच होता. आज आपण बॉसच्या पोस्टला पहिला लाइक ठोकतो, तसंच काहीसं. युवराजाच्या लग्नाच्या दिवशी पहिली कुदळ आणि राणीच्या वाढदिवशी उद्घाटन, हा मुहूर्त काही भटजींनी काढलेला नव्हता!

मी हे सगळं मैत्रिणीला ऐकवलं. तिने शांतपणे बटाट्याची फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, ‘ठीक आहे. पण त्या पोराला पाणी मिळालं ना?’

बोलती बंद.

खरंय तिचं. देणाऱ्याच्या मनात दहा गोष्टी असतील. पिणाऱ्याच्या घशाला एकच कळते. आणि गंमत म्हणजे, नुसता मुहूर्त साधून साहेबाला खूष करायचं असतं तर महाराजांना एवढा विचार करायची गरजच नव्हती. कारण या आडाची सगळ्यात भारी गोष्ट घुमट नाही, हत्ती नाही, खोलीही नाही. सगळ्यात भारी आहे त्याच्या बाजूची चेरीची बाग.

जरा विचार करा. ३६८ फूट खोल आड खणणं एक वेळ सोपं. पण त्यातून रोज पाणी कोण काढणार? वॉलिंगफर्ड गावच्या वाइल्डर यांच्या कारखान्याने बनवलेला रहाट फिरवून भरलेला पोहरा वर यायला दहा मिनिटं लागायची. एक पोहरा, दहा मिनिटं! (आपण दहा मिनिटांत किराणा नाही आला तर ॲपला वन स्टार देतो.) रहाटाला तेल लागणार, दोर झिजणार, यंत्र बिघडणार, देखरेखीला माणूस लागणार. त्या माणसाला पगार लागणार. आणि पाणी तर फुकट द्यायचं. मग पैसे कुठून आणायचे?

म्हणून आडाला लागून चारेक एकर जमीन घेतली आणि तिथे चेरीची झाडं लावली. चेरी विकायच्या आणि त्या पैशातून आड चालवायचा. बागेला नाव दिलं ‘ईश्री बाग’, महाराजांच्या ईश्वरीप्रसाद या नावावरून. देखरेख करणाऱ्यासाठी आडाच्या बाजूलाच छोटंसं टुमदार घर बांधलं. बागेत माशाच्या आकाराचं तळं खणलं, कारण मासा हे बनारसच्या राजघराण्याचं चिन्ह. म्हणजे बघा, राजाने नुसती विहीर दिली नाही. विहिरीचं पोट भरायची सोयही लावून दिली.

‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ असं आपण म्हणतो. स्टोक रोने मला त्याची दुसरी बाजू शिकवली. आडात भरपूर असलं तरी रहाट फिरवायला कुणी नसेल, तर पोहऱ्यात काय येणार? कप्पाळ!

आपल्याकडे आठवून बघा. किती पाणपोया तुमच्या ऑफिसच्या रस्त्यावर आहेत? वर संगमरवरात कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, उद्घाटक तमुक, तारीख, सगळं झकास. आणि नळ? तुटलेला. आत चिप्सची रिकामी पाकिटं. देणाऱ्याची नियत वाईट होती असं मुळीच नाही. पण दुसऱ्या वर्षी नळ कोण बदलणार, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. आणि फक्त पाणपोयाच का? कंपनीच्या सीएसआरमध्ये आपण सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घालून झाडं लावली होती. आठवतंय? ग्रुप फोटो आहे अजून फोनमध्ये. झाडं आहेत का?

स्टोक रोचा आड सत्तरएक वर्षं गावाला पाणी पाजत राहिला. मग नळ आले आणि रहाट थांबला. पण गाव विसरलं नाही. १९६१ मध्ये राणी एलिझाबेथ भारतभेटीत बनारसला गेली, तेव्हा तिथल्या त्या वेळच्या महाराजांनी या आडाच्या येऊ घातलेल्या शताब्दीची आठवण काढली. आणि १९६४ मध्ये शंभरी साजरी झाली तेव्हा राणीचे पती प्रिन्स फिलिप स्वतः या चिमुकल्या खेड्यात हजर होते. त्या दिवशी बनारसहून आणलेलं गंगाजल या आडात ओतलं. ज्या गावाने कधीकाळी डबक्यातलं पाणी प्यायलं, त्याच्या आडात गंगा! आणि तोवर भारत स्वतंत्र होऊन सतरा वर्षं झाली होती, म्हणजे आता खूष ठेवायला कुणी साहेबही उरला नव्हता. तरीही दोन्हीकडच्यांनी नातं निभावलं. माझ्या मते मैत्री की मस्का या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळतं. सुरुवातीला दोन्ही असेल. शंभर वर्षांनी शिल्लक राहिली ती मैत्री.

आज आडाची आणि बागेची देखभाल एक ट्रस्ट करतो. हत्ती चकाचक आहे. निघताना मी परत एकदा घुमटाखाली जाऊन उभी राहिले. रहाटाच्या चाकाकडे बघताना मला त्या आईचा विचार आला. पाण्यासाठी पोटच्या पोरावर हात उचलावा लागलेली ती बाई. तिचं नाव कुठेच नाही. मुलाचंही नाही. घुमट महाराजांच्या नावाचा, बाग महाराजांच्या नावाची. पण तो मार पडलाच नसता, तर यातलं काहीच नसतं.

परतताना मैत्रिणीने विचारलं, ‘काय मग, आवडला का हत्ती?’

मी म्हटलं, ‘हत्ती ठीक आहे गं. चेरी आवडली.’

तुम्हाला जायचंय?

कसं जाल : लंडनच्या पॅडिंग्टनहून रीडिंगला ट्रेन, तिथून गाडीने साधारण अर्धा तास. किंवा ट्वायफर्डला ट्रेन बदलून हेन्ली-ऑन-थेम्सला उतरा. तिथून गाव आठेक किलोमीटर. टॅक्सीचं परतीचंही आधीच ठरवून ठेवा. खेडं आहे, रिक्षा स्टॅण्ड नाही!

काय बघाल : महाराजांचा आड आणि मागची ईश्री बाग. चेरीचा बहर बघायचा असेल तर एप्रिलच्या आसपास जा. गारगोटीच्या दगडांचं चर्चही छान आहे. जवळच्या नेटलबेड गावात विटा भाजायची जुनी, बाटलीच्या आकाराची भट्टी उभी आहे. तीही बघून घ्या.

काय खाल : गावाबाहेर झाडीत ‘क्रुकेड बिलेट’ नावाचा १६४२ मधला पब आहे. इथे बार काउंटरच नाही, बिअर थेट तळघरातल्या पिंपातून येते. ‘टायटॅनिक’वाल्या केट विन्स्लेटने १९९८ मध्ये आपल्या लग्नाची पार्टी याच पबमध्ये दिली होती आणि मेन्यूत होतं काय, तर सॉसेज आणि कुस्करलेला बटाटा! टेबल मिळेल ना, हे आधी फोन करून विचारा.

काय आणाल : काही नाही. फक्त एक प्रश्न. आपण शेवटचं जे काही ‘चांगलं काम’ केलं, त्याच्या शेजारी चेरीची झाडं लावली होती का?